गुणवंत मास्तरचा खिसा

काजं मी करायचो, शिवायचा गुणवंत मास्तर.
खैरगाव फाट्यावर, पानठेल्याच्या पाठीला पाठ लावून
सहा टिनांचं दुकान.
चैतात सुईसुद्धा पोळायची.

आधीच्या कामाचं सांगण्यासारखं काही नाही.
शाळेच्या खाक्या चड्ड्या,
बँडवाल्यांचे लाल कोट, ज्यांच्या बाह्या
दर लग्नसराईला उसवायच्या आणि तो दर लग्नसराईला जोडायचा.
एका नवरदेवाची सफारी आखूड झाली
तर बारा वर्षं गाव त्याला आखूड मास्तर म्हणालं.
तो ओ द्यायचा.

मग वेचणीच्या दिवसांत सरूबाई आली.
हातांवर पऱ्हाटीचे ओरखडे, बोटांची टोकं बोंडांनी फाटलेली.
नवऱ्याचा सदरा मशीनवर टाकून म्हणाली,
"हा माह्या मापाचा करून दे, मास्तर.
लुगड्यावरून घालतो."

बाईचं माप घ्यायची मास्तरची एक रीत होती:
टेप तिच्या हाती द्यायची, आपण कॅलेंडरातल्या गणपतीकडे पाहायचं,
आकडा तिनं सांगायचा.
सरूबाईला आकडे येत नव्हते.
तिनं टेपवर नख दाबून धरलं,
मास्तरनं नखापाशी वाचलं.

त्यानं तो सदरा पुरता उसवला. रात्रभर कंदील.
कॉलर उभी केली, मानेला ऊन लागू नये म्हणून.
काखेत चौकोनी तुकडा बसवला,
हात कुठंही गेला तरी शिवण बोलू नये म्हणून.
आणि छातीवर खिसा. उजव्या बाजूला,
कारण सरूबाई डावरी.

"खिसा कायले?" ती तोंडावर पदर घेऊन हसली.
"राहू दे वो. लागन कदी."

मी चिडलो होतो. झाकणाचं एक काज जास्तीचं,
पैसे तेवढेच.

खिशात पहिल्यांदा तंबाखूची पुडी गेली.
मग आठवड्याच्या मजुरीची नोट,
जी पदराच्या गाठीत असली की घरात सगळ्यांना दिसायची.
खिशातली दिसली नाही.
त्या नोटेचं पुढं काय झालं ते सरूबाईनं कोणाला सांगितलं नाही,
पण पुढच्या सोमवारी फाट्यावर अकरा बाया उभ्या होत्या.
अकरा जुने सदरे.
मास्तरनं अकराही खिसे उजवीकडेच लावले.
मी म्हटलं, ह्या डावऱ्या नाहीत.
तो म्हणाला, "त्यायले सरूबाईसारखाच पाह्यजे."

संक्रांतीपर्यंत धुऱ्याधुऱ्यावर तेच.
पांढऱ्या वावरात निळ्या, चौकडीच्या, उभ्या कॉलरींची रांग.
दोन वर्षांनी राळेगावच्या दुकानात तयार माल टांगला,
तोही उजव्या खिशाचा.
मास्तरनं बाही उलटी करून पाहिली:
काखेतला तुकडा नव्हता.
"फाटन," एवढंच बोलला, आणि चहा सांगितला.

एकदा भज्यांच्या कागदावर बातमी निघाली.
पॅरिसचा कोणी मोठा शिंपी वारला होता.
त्यानं म्हणे पुरुषांचा कोट बायांच्या अंगावर चढवला,
जगाची चाल बदलली.
नाव तेलात गेलं होतं.
मास्तरनं कागद उजेडात धरला, दोनदा वाचला,
मग मला विचारलं,
"त्याच्याकडं कोणी डावरी आली होती का?
पाय बरं, लिवलं हाय का कुठं."
नव्हतं लिहिलं.

मास्तरला जाऊन नऊ वर्षं झाली. सरूबाई त्याआधीच गेली.
परवा वडकीच्या बाजारात
ढिगातला सदरा घातलेली एक पोरगी पाहिली.
मोबाइल वाजला.
तिनं उजवा हात मनगटात वाकडा मुरडून
उजव्या खिशात घातला, जसा इथं सगळ्याच बाया घालतात,
आणि बोलत बोलत कांद्याच्या गल्लीत शिरली.

मी काज तेवढं पाहून घेतलं.
मशीनचं होतं. धागा सुटत आलेला.